बाही सोडायची नाही

पहिल्याच दिवशी मी मेलेल्या माणसाचा पोशाख घालून मॅटवर गेले. कपडे तसे नवे कोरे होते, खळ घातल्यासारखा ताठ पांढरा ज्युदोगी. पण हाताला बायकांच्या शर्टाची सवय, त्यामुळे उजवी बाजू डावीवर आली आणि वरून मी पट्टाही बांधून टाकला. तेरा वर्षांची, नारिंगी पट्टेवाली एक मुलगी हसू दाबत जवळ आली. "काकू, उलटं घातलंय. असं जपानमध्ये मेलेल्यांना घालतात."

मग तिनेच पट्टा सोडला, डावी बाजू वर घेतली, पट्टा कमरेभोवती दोन वेळा फिरवून गाठ मारून दिली. झाल्यावर एक पाऊल मागे सरकून ती कमरेत वाकली. मला इतकं गोड वाटलं की मी तिचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला. ती गंभीरपणे म्हणाली, "काकू, तुम्ही पण वाकायचं असतं."

बेचाळिसाव्या वर्षी मी ज्युदोला का गेले, तर खरं म्हणजे लेकीमुळे. ती आधी घराजवळच्या एका कराटेच्या क्लासला जायची. तिथल्या सरांचा शिस्तीवर फार भर. मुलांनी आल्याबरोबर त्यांच्या पाया पडायचं, प्रश्न विचारायचा नाही, चुकलं की सगळ्यांसमोर कोंबडा. पालकांनी दाराबाहेर थांबायचं. दर दोन-तीन महिन्यांनी नवा पट्टा आणि त्याची वेगळी फी. आम्हाला वाटायचं, पोरगी किती आज्ञाधारक झाली! एकदा ती रात्री झोपेत "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत होती, तेव्हा डोळे उघडले. तिला तिथून काढलं. दुसऱ्या एका मैत्रिणीने हा ज्युदोचा वर्ग सुचवला. लेक आठ दिवसांत रमली आणि भिंतीला टेकून मोबाइल बघणाऱ्या मला तिथल्या मॅडमनी एक दिवस विचारलं, "ताई, नुसत्या बसता कशाला?"

मॅडम माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मॅटच्या बाहेर मी त्यांना ताई, अहो-जाहो. मॅटवर पाय ठेवला की ताई गळून पडायची. "कोपर आत. पुन्हा." एवढंच. मॅडमच्या आवाजात राग कधी नसायचा, पण लाडही नसायचा. आपल्याला वय वाढलं की माणसं आपोआप मऊ बोलतात, त्याची इतकी सवय झालेली असते की ते काढून घेतलं की गार वारा लागल्यासारखं वाटतं.

नियम एका दिवसात सांगून झाले, अंगात यायला सहा महिने गेले. चपला मॅटच्या कडेला, टाचा मॅटकडे, म्हणजे बाहेर पडताना पाय थेट चपलेत. बाथरूमला अनवाणी जायचं नाही, आणि चपला घालून मॅटवर तर नाहीच. नखं कापलेली. केस बांधलेले, पण क्लिप नाही, आकडा नाही. अंगावर धातू नाही. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं तेव्हा सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच एक छोटी डबी आणून दिली, "त्या पर्समध्ये हरवेल." काकणांचं मात्र मला स्वतःलाच जड गेलं, वीस वर्षांची होती, साबण लावून काढावी लागली.

मॅटवर येताना वाकायचं, जाताना वाकायचं. वर्ग सुरू होताना एका ओळीत बसायचं, भिंतीवर ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा फोटो, त्याला आधी नमस्कार, मग शिक्षकाला. बसताना डावा गुडघा आधी टेकायचा, उठताना उजवा पाय आधी. ते बसणं म्हणजे आपलं वज्रासनच. मला वाटलं, हे तर मी रोज जेवणानंतर करते. जेवणानंतर पाच मिनिटं गादीवर आणि सरावानंतर घामेजल्या पायांनी, मॅडमचं बोलणं संपेपर्यंत, यात काय फरक असतो ते गुडघ्यांनी लगेच सांगितलं.

ओळ लागते पट्ट्यांच्या क्रमाने. त्यामुळे मी शेवटी. माझ्या आधी माझी लेक, तिच्या आधी पाचवीतला एक पिवळा पट्टा, ज्याच्या नाकाला कायम शेंबूड. बँकेत दिवसभर लोक मला मॅडम म्हणतात. संध्याकाळी साडेसहाला मी या शेंबड्याच्या खाली. पहिला महिना मला याचं हसू यायचं, दुसऱ्या महिन्यात थोडा राग आला, मग कधीतरी हायसं वाटायला लागलं. तिथे माझ्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती.

कराटेच्या त्या क्लासमुळे माझं मन आधी सारखं शोधत होतं की इथे तोच प्रकार कुठे निघतो. गुरुपौर्णिमेला पालक हार-नारळ घेऊन आले. मॅडमनी पेढे वाटले, हार दाराच्या हँडलला अडकवला, आणि एक मुलगा पायाशी वाकला तर त्याला दंडाला धरून उभं केलं. "पायाला हात नको. समोर ताठ उभा राहा, मग वाक. आणि मीही वाकणार." तो जितका वाकला, तितक्याच त्या वाकल्या. एकदा ट्रॅफिकमुळे त्या दहा मिनिटं उशिरा आल्या. सगळी पोरं ओळीत बसलेली. त्यांनी कारण सांगितलं नाही, समोर बसून हात टेकले आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमची दहा मिनिटं गेली." लेक त्या दिवशी घरी येताना रिक्षात गप्प होती. मोठी माणसंही माफी मागतात, हे ती पचवत होती बहुतेक.

पहिले दोन महिने मी फक्त पडले. मागे पडणं, कडेला पडणं, पुढे पडणं, गोलांटी खाऊन पडणं. हनुवटी छातीला, हाताचा पंजा मॅटवर थाडकन. याला उकेमी म्हणतात. माझी एक वाईट खोड होती, प्रत्येक पडण्यानंतर मी हसायचे आणि "सॉरी, सॉरी" म्हणायचे. जोडीदाराचा धक्का लागला तरी सॉरी, माझा लागला तरी सॉरी. मॅडम म्हणाल्या, "सॉरीने लक्ष जातं. वाका आणि पुढे चला." लाजेपोटीच मी थाप मारायलाही उशीर करायचे. जोडीदाराने खाली दाबून धरलं आणि असह्य झालं की दोनदा थाप मारायची, समोरच्याने त्या क्षणी सोडायचं, इतका साधा नियम. पण थाप मारणं म्हणजे हरणं, असं माझ्या डोक्यात. बरगडी दुखावून घेतल्यावर शहाणी झाले.

मॅडम मधूनच गोष्टी सांगायच्या. कानोंनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशो-जी नावाच्या बौद्ध देवळात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा सरावाला जागा होती बारा तातामींची, म्हणजे बारा जपानी चटयांची. मी घरी येऊन हिशेब केला, जेमतेम दोनशे चौरस फूट, आमच्या हॉलएवढी. तेवढ्यात माणसं एकमेकांना उचलून आपटत होती! तिथे कोण कधी थांबेल, कोण कुठून चालेल, याचे नियम नसते तर पहिल्याच आठवड्यात हाडवैद्य बोलवावा लागला असता. वाकणं-बिकणं हा जपानी नाजूकपणा आहे, असं माझं जे मत होतं, ते त्या हिशेबाने गेलं.

उरलंसुरलं गेलं ते सातव्या महिन्यात.

माझी जोडीदार होती कॉलेजातली, एकोणीस वर्षांची. आम्ही ओ-गोशी करत होतो, म्हणजे समोरच्याला कमरेवर घेऊन पुढे टाकायचं. माझं ते कधी जमायचं नाही, मी तिला उचलायच्या ऐवजी ढकलायचे. त्या दिवशी जमलं. कंबर बरोबर खाली गेली, ती पिसासारखी वर आली, आणि मला इतका आनंद झाला की मी टाकता टाकता दोन्ही हात सोडून दिले. एका हाताने तिची बाही शेवटपर्यंत धरून वर ओढायची असते, म्हणजे ती कुशीवर, नीट, हात आपटत पडते. बाही सुटली, ती हवेत फिरली आणि खांद्यावर आली. आवाज वेगळाच झाला. सगळा हॉल थांबला.

मॅडम ओरडल्या नाहीत. तिला बर्फ लावला, घरी फोन केला, मला कडेला बसवलं. वर्ग नेहमीसारखा संपवला. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "पडणं तिचं काम. तिला नीट पाडणं तुमचं. बाही सोडायची नाही." बस्स. मी तासभर बोलणी ऐकायला तयार बसले होते, ती मिळाली असती तर बरं झालं असतं.

तीन आठवडे तिचा हात गळ्यात. मी सफरचंदं घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या आईने दार उघडलं, चहा दिला, आणि कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "तुमचं वय काय हो?" याला काय उत्तर द्यायचं असतं? मी बेचाळीस म्हणाले आणि चहा संपवला.

मुलगी चौथ्या आठवड्यात आली. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होते. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, वाकली, "ओनेगाइ शिमासू" म्हणाली. सरावाला घ्या, अशी विनंती असते ती. मी वाकले, बाही धरली, कमरेवर घेतली आणि तिथेच थांबले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती वैतागली. "काकू, टाका ना! तुम्ही टाकलंच नाहीत तर मी पडायची भीती कशी घालवू?" मी टाकली. बाही इतकी घट्ट धरली होती की माझी नखं दुखली.

हे सगळं मी आबांना सांगितलं. माझे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. गाव कराडकडचं, १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांच्या मुलखातलं, त्यामुळे कुस्तीचा विषय निघाला की आबा आधी खाशाबांचं नाव घेतात, मग बोलतात. तरुणपणी ते तालमीत होते. लहानपणी मी दुधाची किटली घेऊन तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जायची. आतून लाल मातीचा, तेलाचा, कापराचा वास यायचा, शड्डूचा आवाज यायचा, आणि वस्ताद म्हणायचे, "तिथंच ठेव, पोरी." उंबऱ्याच्या आत मुलींना जागा नव्हती, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. (कोदोकानही काही फार पुढे नव्हतं. कानोंच्या शिष्या केइको फुकुदांना १९५३ मध्ये पाचवी दान, म्हणजे काळ्या पट्ट्यातली पाचवी पायरी, मिळाली आणि सहावीसाठी १९७२ उजाडलं, कारण बायकांना पाचव्याच्या वर चढताच येत नव्हतं. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मला ती किटली आठवली.)

बाहीची गोष्ट ऐकून आबा म्हणाले, "मग? मातीत पण तेच. पाडताना गड्याची मान आपल्या हातात असती. ती मोडली तर उद्या लढायचं कुणासंगं?" मग त्यांनी वर्षभर नुसती माती उकरल्याची, थोरल्या पैलवानांची अंगं रगडल्याची गोष्ट सांगितली. मी विचारलं, "त्याने काय शिकलात?" "काय नाय. पण त्यांनी मला जपून पाडलं."

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला आबा आले. कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोळ्याला काळा चष्मा. येताना खाली वाकून मॅटला हात लावला, बोटं चोळून पाहिली आणि शेजारच्या पालकाला म्हणाले, "रबर हाय की." ओ-गोशी बघितल्यावर त्यांच्या तोंडून मोठ्याने निघालं, "ही तर ढाकेची चुलत बहीण!" ढाक म्हणजे कुस्तीतला डाव. मॅडमनी मान वळवून पाहिलं. आबांनी दोन्ही हात जोडले, मॅडम वाकल्या, प्रकरण मिटलं.

परीक्षेत मला केसा-गातामेने धरून दाखवायचं होतं, म्हणजे कुशीला बसून मान आणि हात कवळून खाली दाबायचं. मॅडमनी आदल्या दिवशी सांगितलेलं डोक्यात होतं. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये, बुदोकान नावाच्या हॉलमध्ये, हॉलंडच्या अँटन खेसिंकने अकिओ कामिनागाला याच पकडीत हरवलं. जपानी प्रेक्षकांसमोर त्यांच्याच खेळातलं खुल्या गटाचं सुवर्ण गेलं. खेसिंकचे लोक आनंदाने मॅटवर धावत सुटले, तर त्याने हात वर करून त्यांना मागेच रोखलं, आणि शांतपणे उठून कामिनागासमोर वाकला. माझ्या वीस सेकंदांत मी एवढं उदात्त काही केलं नाही. सोळाव्या सेकंदाला पायाला गोळा आला आणि जोडीदाराच्या कानात मी "आई गं" म्हणाले. ती खाली दबलेली असूनही फिसकन हसली. तोंडी परीक्षेत जपानी आकडे सातपर्यंत आले, पुढे मी थांबले. पास केलं.

पट्टा मिळाला, पण ओळीत मी होते तिथेच. लेक अजून माझ्या वरच, शेंबडा तिच्या वर, आणि पहिल्या दिवशी माझा पोशाख सुलटा करणारी ती मुलगी तोवर हिरव्या पट्ट्यावर गेलेली, त्यामुळे अंतर होतं तेवढंच.

घरी आबांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. लेक म्हणाली, "आबा, पट्टा धुवायचा नसतो हं. त्यातली मेहनत जाते म्हणतात." आबांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्यात लंगोट रोज धुवायला लागायचा. नाय धुतला तर वस्ताद हाकलून द्यायचे."

पुढच्या वर्गाला मी मॅडमना विचारलं, नक्की काय करायचं असतं.

"धुवा," त्या म्हणाल्या. "वास येतो."