मे महिन्यात गावाला कुठे जाता?

एप्रिल लागला की ऑफिसात रजांचे अर्ज फिरू लागतात. कुणी मालवणला निघतं, कुणी साताऱ्याकडे. मग हमखास कुणीतरी माझ्याकडे वळतं, "आणि तुम्ही? मे महिन्यात गावाला कुठे जाता?" मी म्हणते, गावातूनच तर रोज येते, वसईहून. त्यावर पुढचं वाक्य ठरलेलं: "तसं नव्हे हो, मूळ गाव! गोवा ना?" आडनाव लोपीस, परेरा, तुस्कानो असं काही असलं की लोक आपल्याला परस्पर गोव्याला पोचवून मोकळे होतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्ही कुठेही जात नाही. माझं माहेर आणि सासर दोन्ही एकाच चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आहेत. नालासोपाऱ्याला उतरून समुद्राच्या दिशेने निघालं की इमारती विरळ होत जातात आणि वाड्या सुरू होतात: निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, वाघोली, नंदाखाल. इथले सामवेदी ख्रिस्ती काय, दक्षिणेकडचे वाडवळ ख्रिस्ती काय, दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी आणि कॅथॉलिक. १५३४ साली पोर्तुगीज आले, आमचा धर्म आणि आडनावं त्यांच्याच काळातली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते गेले. आम्ही होतो तिथेच राहिलो. केळी, पानवेली, भाजी, फुलं लावत राहिलो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पूर्वी लॅटिनमध्ये व्हायची, साठच्या दशकातल्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. घरात आम्ही बोलतो ती आमची बोली, मराठीचीच एक. गोव्याला मी सहलीला गेले आहे, तुमच्यासारखीच.

आता उन्हाळ्याचं. तुम्हाला सुट्टी म्हटली की जे डोळ्यांसमोर येतं, म्हणजे झोपाळा, आंबे, दुपारची झोप, त्यातले आंबे तेवढे आमच्याकडे असतात. बाकी मार्च ते जून हा आमचा वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ. त्याचं गणित ठरतं ईस्टरवर.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. ते सुरू होतात राखेच्या बुधवारी, तेव्हा कपाळाला राख लागते. ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. आमच्या वाडीतल्या माडाची झावळी वर्षभर क्रुसामागे खोचलेली राहते आणि मग राख होऊन परत येते. या चाळीस दिवसांत आमच्याकडे लग्नं होत नाहीत. दर शुक्रवारी क्रुसाची वाट ही प्रार्थना, मांस बंद, आवाज कमी. म्हणजे लग्नाला मोकळीक मिळते ती ईस्टरनंतर आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो तोवरच. त्यात ईस्टर दरवर्षी सरकतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, तेव्हा दहा आठवडे तरी हाताशी होते. २०२५ मध्ये २० एप्रिलला आला आणि सगळ्या गावांची लग्नं सात आठवड्यांत कोंबली गेली. मंडपवाले, बँडवाले, आचारी, चर्चमधली वेळ, सगळ्यांवर एकच झुंबड. मुलगी ठरली की पत्रिका बघायची पद्धत आमच्यात नाही, पण पुढच्या वर्षीचा ईस्टर कधी आहे हे मात्र पहिल्याच बैठकीत बघितलं जातं.

नेमक्या याच दिवसांत पाणी खाली जातं. वसईच्या शेतीबद्दल कुणी काही विचारत नाही, पण सांगण्यासारखं खरं तेच आहे. आमच्या पट्ट्याला एका बाजूला समुद्र, दोन बाजूंना खाड्या. जमिनीखाली गोडं पाणी आहे, पण ते खाऱ्यावर तरंगत असतं. वरचं गोडं जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर मचूळ होते. एकदा झाली की पानवेल आधी मान टाकते. म्हणून जुन्या लोकांनी वाडीवाडीत बावखलं खणून ठेवली होती. बावखल म्हणजे कठडा नसलेलं, न बांधलेलं खोल तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड्या राहतात. वडिलांच्या लहानपणी त्यावर रहाट असायचा आणि बैल किंवा रेडा गोल फिरत पाणी चढवायचा. मे महिन्यात बावखलाचा तळ दिसायला लागला की गाळ काढायचा. सगळी भावकी टोपल्या घेऊन उतरायची, तो काळा गाळ केळींच्या बुंध्याशी पडायचा, आणि गाळाबरोबर जे मासे हाती लागतील ते त्या रात्रीचं कालवण.

विजेचे पंप आले आणि रहाट थांबले. मग शहर वाढलं आणि टँकर आले. आमच्याच विहिरी, आमच्याच लोकांनी विकलेलं पाणी. सगळा दोष बाहेरच्यांचा, असं मी म्हणणार नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध आवाज उठवला. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, नंदाखालचेच, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. उस्मानाबादच्या २०२० सालच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून तुम्ही त्यांना ओळखत असाल. आमच्याकडच्या बायका त्यांना ओळखतात त्या समितीच्या मोर्चापासून. विहिरीचं पाणी हा प्रवचनाचा विषय होऊ शकतो, हे त्या पिढीने पहिल्यांदा ऐकलं.

आजही आमची विहीर तीन घरांत सामाईक आहे. आजोबांच्या पश्चात जमीन वाटली गेली, पण विहीर वाटता येत नाही, म्हणून पाळ्या. आमची पाळी असली की आमचा पंप, काकांची असली की काकांचा. एप्रिलपर्यंत कुणी घड्याळ बघत नाही. मे महिन्यात मिनिटं मोजली जातात. माझ्या नवऱ्याचे दोन काका एका पाळीवरून आख्खा उन्हाळा एकमेकांशी बोलले नव्हते, आणि त्याच उन्हाळ्यात एकाच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याने मंडपाच्या झावळ्या स्वतः तोडून आणून बांधल्या. बोलणं नाहीच. शिडी धर, दोरी दे, एवढंही तिसऱ्याच्या तोंडून. बाहेरचे लोक आमच्या एकोप्याचं कौतुक करतात आणि त्याचं श्रेय चर्चला देतात. चर्चचा वाटा आहेच. पण माझ्या मते आम्हाला एकत्र ठेवलंय ते सामाईक विहिरीने आणि अपुऱ्या दिवसांनी. भांडून वेगळं व्हायला लागतो तेवढा वेळच उन्हाळ्यात मिळत नाही.

पहाट फुलांची. मोगरा उन्हाळ्यातच भरात असतो, आणि कळी उमलायच्या आत खुडावी लागते, नाहीतर दादरच्या बाजारात पोचेपर्यंत ती उमलून वाया जाते. चार वाजता सासूबाई कपाळाला बॅटरी बांधतात, कमरेला ओच्यासारखं फडकं खोचतात आणि रांगेत शिरतात. अंधारात बोटांना कळी कळते: टपोरी, घट्ट, टोकाशी जराशी सैल झालेली असेल ती आजची, हिरवट, कडक असेल ती उद्याची. मी बघून खुडते म्हणून मागे पडते, त्या चाचपून खुडतात. उजाडायच्या आत ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं पहिल्या गाड्यांपैकी एकीत चढलेलं असतं. लग्नसराईत भाव चढतो, म्हणजे आमच्याकडच्या लग्नांच्या धावपळीत तुमच्याकडच्या लग्नांचे गजरे आम्हीच खुडत असतो.

केळीचं काम निराळं. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात मांडवावर वाळत घालायची, दव पडायच्या आत उचलायची, सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभरात ती आक्रसून तपकिरी होतात, मग केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. ही सुकेळी. दुकानात मिळते तेव्हा लोक भाव ऐकून दचकतात. मुंग्या, कावळे आणि घरातली पोरं यांच्यापासून ती आठवडाभर राखून बघा, मग भावाचं बोलू.

आणि मसाला. काश्मिरी, बेडगी, संकेश्वरी मिरच्या गच्चीवर चादरींवर लाल पसरलेल्या असतात आणि शेजारपाजारच्या बायका देठ खुडायला बसतात. धणे, हळकुंड, तीळ, खसखस, मोहरी, दालचिनी, दगडफूल... यादी लांब आहे आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र नाही. खसखस करपली की सगळाच घाणा फुकट. पूर्वी उखळ-मुसळाने कुटायचे, आता डंखावर नेतात. चाळून झाला की बियरच्या तपकिरी बाटल्यांत भरायचा. काच गडद हवी, म्हणजे उजेड लागून रंग उडत नाही. चमचाभर मसाला आत, काठीने ठोकून बसवायचा, पुन्हा चमचाभर. बाटलीत हवा राहता कामा नये. सासूबाई एका बाटलीला इतका वेळ घेतात की तेवढ्यात शेजारणीच्या घरातलं सगळं कळून होतं. त्या म्हणतात, त्यासाठीच तर एकत्र बसायचं.

आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी इतकीच नसते. १ जूनपासून मासेमारीला बंदी लागते, ३१ जुलैपर्यंत. म्हणून मे संपायच्या आत सुके बोंबील, सुकट, जवळा घरात यायला हवा. पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळणी दारावर येतात. घासाघीस दोन्ही बाजूंनी मनसोक्त होते.

संध्याकाळ मात्र वेगळी. मे महिना मारियामातेचा. प्रत्येक आळीत, वाटेच्या कडेला एक क्रूस आहे, कुठे लाकडी, कुठे दगडी, कुठे अलीकडे टाइल्स लावून बिघडवलेला. रोज संध्याकाळी तिथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. सतरंजी अंथरायची, आज कुणाच्या घराची पाळी (इथेही पाळीच), त्यांनी हार आणि मेणबत्त्या आणायच्या. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या पुढे, बाया मधे, पुरुष मागे भिंतीला टेकून. मोबाईल खिशात ठेवायचा, निदान लदीन, म्हणजे शेवटची नामावळीची प्रार्थना, होईपर्यंत. लदीन लांबते. मारियामातेचं एकेक नाव घेतलं जातं आणि दरवेळी सगळे म्हणतात, "आम्हांसाठी विनंती कर." पोरांचं लक्ष असतं चण्यांच्या पातेल्याकडे. शेवटी उकडलेले चणे वाटतात, ओंजळीत. माझ्या लहानपणी आम्ही एका क्रुसाशी चणे घेऊन दुसऱ्या आळीच्या क्रुसाकडे धावत सुटायचो, तिथली लदीन जरा उशिरा संपायची म्हणून. आता माझी मुलं तेच करतात आणि त्यांना वाटतं, शोध त्यांनीच लावला.

रोझरीनंतर कुणी लगेच उठत नाही. पुढच्या आठवड्यात कुणाकडे कांदे सोलायला जायचं, कुणाच्या घरी पाहुण्यांना झोपायला जागा लागणार, कोण बँकेच्या हप्त्यात अडकलंय, हे सगळं त्या सतरंजीवर ठरतं. १९१८ मध्ये इथल्याच लोकांनी बसीन कॅथॉलिक बँक काढली. ही कल्पनासुद्धा अशाच कुठल्या तरी बैठकीत निघाली असेल, असं मला उगाच वाटतं.

या सतरंजीची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी गावाची जाहिरात करतेय. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. तुमच्या मुलीला नालासोपारा स्टेशनवर कुणाबरोबर पाहिलं, तुम्ही रविवारी मिस्सेला का नव्हता, वाडी विकायला काढली म्हणे. या शेवटच्या वाक्यावर हल्ली सतरंजी गप्प होते. कारण पुढच्या पिढीतल्या पुष्कळांच्या नोकऱ्या मुंबईत आहेत, माझीही आहे, चार वाजता मोगरा खुडून आठ बावीसची गाडी कुणालाच रोज झेपत नाही. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका आली, गावं त्यात नकोत म्हणून आंदोलन झालं, आणि तरी बावखलं बुजून त्यावर इमारती उभ्या राहिल्याच. विकणाऱ्याला नाव ठेवणं सोपं आहे. सासूबाईंचे गुडघे मी रोज बघते, त्यामुळे मला ते जमत नाही.

घरातल्या मोठ्यांचा पावसाचा हिशोब मात्र अजून नक्षत्रांवरच चालतो. रोहिणीत भाताच्या राबाची तयारी, ७-८ जूनला मृग. भिंतीवर धर्मप्रांताचं कॅलेंडर असतं, त्यात संतांचे सण छापलेले, आणि त्याच पानावर सासरे पेन्सिलीने मृग लिहून ठेवतात. मृगाच्या आत मंडप उतरलेला बरा, असं प्रत्येक जण म्हणतो, आणि तरी दरवर्षी कुणीतरी हट्टाने जूनच्या दुसऱ्या शनिवारी लग्न ठेवतोच: हॉल स्वस्त मिळाला, मुलाला दुबईहून तेव्हाच रजा होती. मग बँडवाले ढोल प्लास्टिकखाली धरून वाजवतात, आचारी शिव्या घालतात, नव्या नवरीचा झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखतो. आम्ही सगळे जातोच, छत्र्या घेऊन. परतताना पावसाला कुणी काही म्हणत नाही, वरबापाला मात्र घरी पोचेपर्यंत सोडत नाही.