गेट एन्ट्री ते बँक एन्ट्री: आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग होतं. पंपाच्या बॉडी, बेअरिंग हाउसिंग, गिअरबॉक्सची कव्हरं. कास्टिंग कोल्हापूरहून, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून येतं, तयार माल चाकण आणि रांजणगावला जातो. वर्षाची विक्री जीएसटी सोडून साधारण १२ कोटी. कोणती मशीन कधी बसवली, गिऱ्हाइकं कशी वाढली, हे इथे लिहिलेलं नाही. ही वाटचाल खेळत्या भांडवलाची आहे. आमच्यासारख्या शॉपची सगळ्यात जास्त दमछाक तिथेच होते.

१२ कोटींवर १८ टक्के जीएसटी धरला तर बिलं होतात १४.१६ कोटींची, म्हणजे रोजची सुमारे ३ लाख ८८ हजारांची. येणं एक दिवस लांबलं की तेवढी रक्कम अडकते. ९० दिवसांची उधारी म्हणजे साडेतीन कोटी रुपये दुसऱ्याच्या दारात. त्यात जीएसटी वसूल होण्याची वाट सरकार बघत नाही. एप्रिलच्या बिलांचा कर, कास्टिंग-टूलिंगच्या खरेदीत भरलेल्या कराचं क्रेडिट वजा करून, २० मेपर्यंत भरावाच लागतो. त्या बिलांचे पैसे जुलैत येतात.

शिवाय कागदावरची ‘६० दिवस’ उधारी खरी ६० दिवसांची नसते. दिवस कुठून मोजायचे, ते पर्चेस ऑर्डरच्या पाठच्या बारीक अक्षरांत असतं: बिलाच्या तारखेपासून, जीआरएनपासून (माल मिळाल्याची गिऱ्हाइकाकडची नोंद), की जीआरएनचा महिना संपल्यापासून. तिसऱ्या पद्धतीत २ एप्रिलला जीआरएन झालेला माल ३० एप्रिलपासून मोजला जातो, मुदत २९ जूनला भरते आणि पेमेंट रन (कंपनीचा पैसे सोडायचा दिवस) ७ आणि २२ तारखेला असेल तर पैसे ७ जुलैला निघतात. झाले ९६ दिवस. दर ठरवताना आम्ही ९६च धरतो. समोरचा पर्चेसवाला ६० म्हणत असला तरी.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच, बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे स्टॉक आणि येणं तारण ठेवून लागेल तशी उचल करायच्या कर्जावर. लहान उद्योगाला बँक बहुधा अंदाजित विक्रीच्या २० टक्के मर्यादा देते. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीपासून चालत आलेला हा हिशेब. १२ कोटींवर २.४० कोटी. मात्र या हिशेबात भांडवलाचं चक्र तीन महिन्यांचं धरलेलं असतं. आमच्याकडे कच्चा माल १५ दिवस, जॉब चालू २० दिवस, तयार माल १० दिवस आणि येणं ९० दिवस, असं चक्र साडेचार महिन्यांचं होतं.

मंजूर मर्यादा मिळाली तरी उचलता येते ती ड्रॉइंग पॉवरइतकीच, म्हणजे हातातल्या स्टॉक आणि येण्यावरून निघते तेवढीच. समजा स्टॉक १.२० कोटी, त्यातून फाउंड्र्यांचं देणं ७० लाख वजा, उरले ५० लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन (आपण घालायचा हिस्सा) कापलं की ३७.५ लाख. येणं २.८० कोटी, त्यावर ४० टक्के मार्जिन, म्हणजे १.६८ कोटी. एकूण २.०५ कोटी. आता एका कंपनीचं ४० लाखांचं येणं ९० दिवस ओलांडून गेलं की ते बँकेला द्यायच्या मासिक स्टेटमेंटमधून बाहेर पडतं आणि ड्रॉइंग पॉवर २४ लाखांनी खाली येते. म्हणजे पैसे थकले की बँकही हात आखडते, आणि तेही नेमक्या त्याच महिन्यात. हा बँक मॅनेजरचा दोष नाही, पद्धतच तशी आहे.

त्यानंतर आलं फॅक्टरिंग, म्हणजे वसूल व्हायची बिलं एका वित्त कंपनीला (फॅक्टरला) देऊन आधीच पैसे घेणं. रिझर्व्ह बँकेच्या कल्याणसुंदरम समितीच्या शिफारशींनंतर १९९१ पासून ते आपल्याकडे आहे. पश्चिम विभागात स्टेट बँकेच्या उपकंपनीने आणि दक्षिणेत कॅनरा बँकेच्या उपकंपनीने सुरुवात केली. पद्धत सरळ: एका गिऱ्हाइकाचं सगळं येणं फॅक्टरच्या नावे करायचं, प्रत्येक बिलावर तशी नोंद छापायची, गिऱ्हाइकाकडून ‘पैसे फॅक्टरलाच देऊ’ असं लेखी घ्यायचं. बिलाच्या ८० ते ८५ टक्के लगेच हातात, बाकी वसुलीनंतर, व्याज आणि सेवाशुल्क वजा होऊन.

अडचणी दोन. पहिली, ते लेखी पत्र. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स खात्याला तुमच्यासाठी व्हेंडर मास्टरमधला (पुरवठादारांच्या नोंदींतला) बँक खात्याचा नंबर बदलण्यात काहीच रस नसतो, आणि बदलला नाही तर पैसे जुन्या खात्यात येतात, मग ते फॅक्टरकडे वळवण्याची पळापळ. दुसरी अडचण मोठी: आपल्याकडचं बरंचसं फॅक्टरिंग ‘विथ रिकोर्स’ चालत आलं. गिऱ्हाइकाने ठरल्या मुदतीत, अधिक थोड्या सवलतीच्या दिवसांत, पैसे दिले नाहीत तर उचललेली रक्कम आपण परत करायची. जोखीम जिथल्या तिथेच राहते.

बड्या कंपन्यांच्या बँका जी व्हेंडर फायनान्स योजना देतात ती दिसायला याहून सुटसुटीत आहे. कंपनी शिफारसपत्र देते, तिच्या सिस्टिममधून मंजूर बिलांची यादी बँकेला जाते, बिलाची जवळजवळ पूर्ण रक्कम व्याज आधीच कापून खात्यात पडते. सही करण्याआधी मात्र मंजुरीपत्रातली एक ओळ शोधावी: हे कर्ज कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ योजनांत ते पुरवठादाराच्या नावावर असतं. मग कंपनीने आठ दिवस उशीर केला की थकबाकी आपल्या क्रेडिट अहवालात दिसते आणि पुढच्या टर्म लोनच्या वेळी त्याची उत्तरं आपण देत बसतो.

आता आमच्या बिलांपैकी निम्म्याहून थोडी जास्त ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांची बिलं बोली लावून विकायच्या ऑनलाइन मंचांवर, जातात. रिझर्व्ह बँकेने याची मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबर २०१४ मध्ये काढली आणि २०१७ मध्ये आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे तीन मंच सुरू झाले. वर्षाला २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी सक्तीची झाली (आधी ही अट ५०० कोटींची होती). नोंदणी सक्तीची आहे, बिलं तिथे मान्य करणं सक्तीचं नाही, हे ध्यानात ठेवावं. नोंदणी करून स्वस्थ बसलेल्या कंपन्या कमी नाहीत.

आपल्या बाजूची नोंदणी सोपी: उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, भागीदारांचे केवायसी, सहीच्या अधिकाराचं पत्र, कॅन्सल चेक, एकदाच करायचा करार. त्याआधी गिऱ्हाईक कोणत्या मंचावर आहे ते विचारून घ्यावं, नाहीतर एका मंचावर आपण आणि दुसऱ्यावर ते. मग बिल ‘फॅक्टरिंग युनिट’ म्हणून चढतं, कंपनी ते मान्य करते, बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) त्यावर व्याजदराच्या बोली लावतात, आपण पटेल ती स्वीकारतो. पैसे बहुधा पुढच्या कामकाजाच्या दिवशी जमा होतात. मुदतीच्या दिवशी कंपनीच्या खात्यातून रक्कम आपोआप वळती होते. कंपनीने बुडवलं तरी बोली लावून पैसे देणारा ते परत मागायला आपल्याकडे येऊ शकत नाही.

आकडे घालून बघू. माल १०,००,०००, जीएसटी १,८०,०००, बिल ११,८०,०००. खरेदीवरचा ०.१ टक्का टीडीएस (त्या गिऱ्हाइकाशी वर्षाची उलाढाल ५० लाखांपुढे गेल्यावर) म्हणजे १,०००. युनिट चढवायचं ११,७९,००० चं. ६० दिवस, ८.५ टक्के दर: व्याज १६,४७४. हातात ११,६२,५२६, वजा मंचाचं शुल्क असेल तर ते आणि त्यावरचा जीएसटी. हीच रक्कम तेवढेच दिवस १०.५ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर वापरली तर व्याज २०,३५०, आणि तिथे येण्यावर १०० ऐवजी ६०च रुपये मिळतात. दर कमी लागतो कारण बोली लावणारा आपली नाही, गिऱ्हाइकाची पत बघतो. त्यामुळेच गिऱ्हाइकाचं रेटिंग घसरलं तर बोली महाग होतात किंवा येतच नाहीत. त्या कंपनीवरची बँकांची मर्यादा भरली असली तरी तेच, आणि मार्चअखेरीस हे हमखास होतं. एकाच गिऱ्हाइकाच्या बिलांवर पगाराची तारीख अवलंबून ठेवू नये, ती यासाठी.

इथपर्यंतचं सगळं बँकेचा माणूसही सांगेल. तो सांगत नाही ते हे: वरचा सगळा हिशेब बिल मान्य झाल्यावर सुरू होतो. माल गेटमधून आत गेला आणि बिल मान्य झालं यात २० दिवस गेले, तर ते २० दिवस कोणीही, कोणत्याही दराने विकत घेत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो डिस्पॅचच्या टेबलावर.

जीआरएन अडतो तो बहुधा क्षुल्लक कारणांनी. पर्चेस ऑर्डरमधला दर सुधारून आलेला नाही आणि बिल नव्या दराने गेलं. पीडीआय रिपोर्टवर (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा अहवाल) ड्रॉइंगचा जुना रिव्हिजन नंबर राहिला. एफजी २६० चं (ओतीव लोखंडाची एक प्रत) टेस्ट सर्टिफिकेट आहे, पण त्यावरचा हीट नंबर (कोणत्या वितळीतलं लोखंड तो नंबर) कास्टिंगवरच्या नंबराशी जुळत नाही. वाटेत गाडी बदलली आणि ई-वे बिलात नवा नंबर भरला नाही. २०० नगांपैकी ६ रिजेक्ट झाले, जीआरएन १९४ चा, बिल २०० चं, आणि काही कंपन्यांच्या सिस्टिम अशा वेळी अख्खं बिलच ब्लॉक करतात.

म्हणून नियम केला: एक पार्ट, एक ऑर्डर लाइन, एक बिल. चार पार्टांचं एकत्र बिल केलं की एकाच्या रिजेक्शनपायी चौघांचे पैसे थांबतात. बिलं फार लहानही चालत नाहीत, मंचाचं शुल्क वाढतं आणि मान्य करणारा माणूसही कंटाळतो. लोखंडाच्या दरातला तिमाही फरक मूळ बिलात मिसळत नाही, त्याचं पुरवणी बिल वेगळं जातं. आणि दर सोमवारी कोणीतरी एकाने गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर ‘जीआरएन पेंडिंग’ची यादी बघायचीच. हे काम अकाउंटंटचं नाही, क्वालिटीच्या माणसाचं आहे, कारण अडथळा बहुतेक वेळा क्वालिटीच्या कागदात असतो.

बिल डिस्काउंट झाल्यावर (ट्रेड्सवर विकल्यावर) आलेल्या डेबिट नोटचा, म्हणजे गिऱ्हाइकाने लावलेल्या वजावटीचा, प्रश्न वेगळा. युनिट मान्य झालं की कंपनी त्याची पूर्ण रक्कम भरायला बांधील असते, म्हणून नंतरची वजावट ती पुढच्या बिलांतून करते. सगळीच बिलं विकून टाकली तर वजावटीला जागा राहत नाही आणि पर्चेसवाला पुढची बिलं मान्य करायला टाळाटाळ करतो. दर गिऱ्हाइकामागे एक-दोन बिलं आम्ही न विकता ठेवतो.

कॅश क्रेडिटवाल्या बँकेची परवानगी हा टप्पा अनेक जण विसरतात. आपलं सगळं येणं त्या बँकेकडे तारण असतं, ते तिला न विचारता विकता येत नाही. बँकेला हे आवडत नाही, येणं कमी झालं की तिचं तारण घटतं. ठराविक गिऱ्हाइकांची नावं देऊन, ‘ट्रेड्सचे पैसे याच खात्यात येतील’ अशी अट स्वीकारून ना-हरकत पत्र मागितलं तर मिळतं. त्यानंतर मासिक स्टेटमेंटमधून विकलेली बिलं काढायलाच हवीत. एकच बिल दोन ठिकाणी दाखवणं ही चूक समजली जात नाही, फसवणूक समजली जाते. टॅलीत पैसे येतील त्याच दिवशी गिऱ्हाइकाचं खातं मिटवावं, व्याज खर्चात टाकावं.

४५ दिवसांच्या कायद्याबद्दल लोक विचारतात. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार करार असला तरी कमाल मुदत ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. चालू गिऱ्हाइकाविरुद्ध ते कोणी मागत नाही. त्यामानाने प्राप्तिकराच्या ४३बी(एच) कलमाची धार जास्त लागली. १ एप्रिल २०२४ पासूनच्या कर निर्धारण वर्षाला ते लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं मुदतीबाहेरचं देणं प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून धरलं जात नाही, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अकाउंट्स खातं स्वतः फोन करू लागलं. मध्यम उद्योगांना हे कलम लागू नाही.

हाच नियम आमच्यावरही आहे, आमच्या फाउंड्र्यांपैकी बहुतेक सूक्ष्म किंवा लघु आहेत. ट्रेड्समधून हात मोकळा झाल्यावर पहिला उपयोग तिथेच केला. एका फाउंड्रीने ४५ ऐवजी ७ दिवसांत पैसे दिले तर दीड टक्का सूट देऊ केली. ३८ दिवसांसाठी दीड टक्का म्हणजे वर्षाला साडेचौदा टक्क्यांच्या वर. साडेआठने उभे केलेले पैसे तिथे लावायला विचार करावा लागत नाही. एक टक्का सूट असेल तर हिशेब पावणेदहाच्या आसपास येतो आणि मंचाचं शुल्क, उशिराचे दिवस धरले की फारसं काही उरत नाही. तिथे आम्ही सूट घेत नाही, ४५ व्या दिवसाच्या आत चेक पाठवतो. त्या फाउंड्र्यांना आमचं बिल मात्र ट्रेड्सवर विकता येत नाही. खरेदीदार म्हणून आमची पत बघून बोली लावायला अजून कोणी तयार नाही.