करमंना

दसरा झाला की आमच्या वर्गातली पोरं कमी व्हायला लागतात. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या येतात आणि उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागेच परततात. काही लेकरं तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड घेऊन त्यांच्याबरोबर जातात. बाकीची आजी-आजोबांपाशी राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात.

मी तिसरी-चौथी एकत्र शिकवते. डिसेंबरातली गोष्ट. व्हरांड्यात खिचडीची पंगत बसली होती. एका मुलाची आई त्याची विसरलेली पाण्याची बाटली घेऊन आली. देता देता तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि गेली. लगेच ताट आपटल्याचा आवाज आला. शेजारी बसलेल्या तिसरीतल्या मुलानं ते लाथाडलं होतं आणि बाटली मिळालेल्या मुलाच्या मनगटाला तो कडकडून चावला होता.

माझं पहिलं वागणं चुकलं. मी हात उगारला नाही, पण दंडाला धरून त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि दरडावलं, “सॉरी म्हण.” तो म्हणाला, “सॉरी.” “मोठ्यानं!” “सॉरी.” चेहरा कोरा. ज्याला चावलं होतं तो रडतच होता. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक त्रासालाही मनाई करतं, हे मला पाठ आहे. आणि तो त्रास मी पंगतीत सगळ्यांदेखत दिला होता.

मनगट साबणानं धुतलं. दात उमटले होते, कातडी फाटली नव्हती. मग दुपारचा भागाकार बाजूला ठेवून सगळ्यांना गोलात बसवलं. मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम २००९ साली सुरू झाला तो आमच्याच जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांमधून. त्यामुळे गोलात बसून एकमेकांचं ऐकायचं, हे इकडच्या शिक्षकांना नवं नाही. वर्गात चेहऱ्यांचा तक्ताही आहे : आनंद, दुःख, राग, भीती. परिपाठानंतर प्रत्येकानं आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. हा मुलगा रोज आनंदावर बोट ठेवायचा आणि मी रोज समाधानानं पुढच्याकडे वळायचे.

“तू असं कामून केलं?” हा प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळला. आठ वर्षांच्या लेकराला त्याचं उत्तर माहीत नसतं. ते मुकं होतं, नाहीतर आपल्याला आवडेल असं काहीतरी जुळवून सांगतं. मी सगळ्यांनाच विचारलं, “तक्त्यावर नाही असं काही वाटतं का कुणाला?”

“पोटात कालवतं.” “लाज वाटती.” मग चौथीतली एक मुलगी म्हणाली, “मला करमंना, मॅडम. दिवे लागायच्या वक्ताला तर लईच.”

“मला बी,” पाच-सहा जण एकदम बोलले. त्यात तोही होता.

करमत नाही, हे दुःख नव्हे आणि कंटाळाही नव्हे. त्यात कुणाची तरी वाट बघणं असतं. आमच्या तक्त्यावर त्याला जागाच नव्हती, मग पोरानं बोट ठेवायचं कुठं? हा शब्द माझ्याही घरात रोज बोलला जातो. भिंतीवर लिहावा असं मला कधी सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

ती मुलगी आदल्या वर्षी कारखान्यावर जाऊन आलेली. ती त्याला सांगू लागली, “आमी कोपीत राहायचो. आय अंधारात उठून उसाच्या फडात जायची. भावाला गावाकडं ठिवलं व्हतं, त्याच्यासाठी रडायची. तुह्या आयला बी करमत नसंल.”

“मंग येत कामून नाही?” त्याचा पहिला प्रश्न.

मी उचल म्हणजे काय ते सांगितलं. आगाऊ घेतलेले पैसे फिटेपर्यंत परत येता येत नाही, हेही सांगितलं. गोड करून सांगितलं नाही. थोड्या वेळानं तो खाली बघत म्हणाला, “त्याच्या आयनं त्याचं तोंड पुसलं.”

ज्याला चावलं होतं तो मनगट चोळत म्हणाला, “मंग मला सांगायचं ना. चावतो कामून?”

यापेक्षा बरं मलाही सांगता आलं नसतं. राग आला तर येऊ दे, चावायचं मात्र नाही, एवढंच मी म्हटलं. मग पोरांनीच ठरवलं : पोटात कालवायला लागलं की त्यानं “करमंना” म्हणायचं आणि हापशावर जाऊन झाडांसाठी बादली भरायची, कुणीतरी सोबत जायचं. दांडा हाणताना अंगातला जोर निघून जातो, हे त्यांचंच म्हणणं. जानेवारीत त्यानं पुन्हा एकाला ढकललं. पण त्या महिन्यात बादल्याही बऱ्याच भरल्या. तक्त्यावर पाचवा गोल काढून खाली शब्द लिहिला. चेहरा कसा काढायचा यावर अजून एकमत नाही.

मुकादमाचा नंबर मिळवून मी त्याला आईशी बोलायला द्यायला लागले. पहिल्या दोन वेळा तो नुसता “हं, हं” करत राहिला. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, “जेवलास का?” तो म्हणाला, “खिचडी व्हती.” मग जरा थांबून, “आय, तुला तिकडं करमतं का?”

पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. “करमतं की रं.”

त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, खोटं बोलती.”