चवथीआधीचा एक रविवार

डिचोलीत पाऊस लागला की वीज जाणारच, म्हणून यंदा चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीखालच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीखालच्या, दिव्यांसाठी १२ व्होल्टचा बॅटरी पॅक घरीच बांधायला घेतला. १८६५० चे, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे गोल लिथियम-आयन, १२ सेल: चार-चार समांतर, असे तीन गट एकापुढे एक.

खरा वेळ गेला निवडण्यात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल पूर्ण, म्हणजे ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करून आठवडाभर तसेच ठेवले होते. आज मोजले, तर तीन सेल चांगलेच खाली आलेले. ते सरळ बाजूला काढले. समांतर गटात एक सेल गळका निघाला, तर शेजारचे तीन त्यालाच पाजत बसतात.

सेल एकमेकांना जोडायची निकेलची पट्टीही तपासली. ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली होती, सकाळी तांबडा गंज! आत लोखंड, वर नुसता मुलामा. शुद्ध निकेल म्हणून विकणाऱ्याचा मनापासून राग आला. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ती पट्टी किती टिकली असती?

दुसरी पट्टी आणून स्पॉट वेल्डर लावला. पट्टी सेलला चिकटवायला विजेचा काही मिलिसेकंदांचा झटका, सेल हाताला जेमतेम कोमट. सोल्डरिंगची उष्णता मात्र आतपर्यंत पोचते, ते मी करत नाही. नमुन्याचा जोड पक्कडीने ओढला तेव्हा पट्टी फाटली, वेल्डचे ठिपके सेललाच चिकटून राहिले. फार बरं वाटलं!

शॉर्ट होऊ नये म्हणून धन टोकांवर कागदी चकत्या लावल्या आहेत. बीएमएस, म्हणजे पॅकचं रक्षण करणारं सर्किट, उद्या जोडेन. तोवर आई त्या टेबलाजवळ कोणालाच फिरकू देत नाहीये.