सांगडीवरची खुर्ची

"भाऊ व्हीलचेअरवर असतो. त्याला खाडीत गळ टाकायचाय. घ्याल का होडीत?" फोनवर बहीण विचारत होती. मी म्हटलं, "ताई, फोन त्यांच्याकडेच द्या."

सांगलीकडचे गणिताचे सर. मोटारसायकलच्या अपघातात छातीच्या वरच्या भागातल्या मणक्याला इजा झालेली. हात शाबूत, पण छातीखाली काहीच जाणवत नाही आणि कंबरेत तोल नाही. त्यांची अट एकच होती. "उचलून ठेवायचं नाही. खुर्चीसकट चढेन, खुर्चीसकट उतरेन." पर्यटकांना उचलायला आमची पोरं नेहमी तयार असतात, त्यात त्यांना मोठेपणाही वाटतो. पण चार जणांनी हातापायांना धरून न्यायचं आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी मोबाइल काढायचे, हे सरांनी एकदा भोगलं होतं.

मालवणजवळचं आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. समुद्राचा विचार मी केलाच नाही. खाडीतसुद्धा एकट्या फायबरच्या होडीत खुर्ची ठेवली, तर माणूस उंचावर बसतो आणि मासा ओढायला लागला की होडी त्या अंगाला कलते. सरांनी इंग्लंडच्या व्हीलीबोट ट्रस्टच्या बोटीचा व्हिडिओ पाठवला होता. तिचा पुढचा दरवाजाच खाली पडतो आणि त्यावरून खुर्ची सरळ आत जाते. आमच्या तांडेलकाकांनी तो बघितला आणि म्हणाले, "ह्या पुढच्या जन्मी. आता दोन होड्यांची सांगड बांधूया. पूल नाय होतो तेव्हा मोटारसायकली आमी तशेच पार करी होतो."

दोन होड्या, त्यांवर आडवे वासे, वर जाड फळ्या आणि कडेने कठडा. आदल्या दिवशी वाळूची पोती ठेवून ती फिरवली, बंदर निरीक्षकांना दाखवली. खुर्ची फळ्यांना बांधायची, सरांना मात्र खुर्चीला बांधायचं नाही, हे काकांनी ठामपणे सांगितलं. सांगड उलटली तर खुर्ची माणसाला तळाला नेईल. पण तोल नसल्यामुळे छातीला काहीतरी आधार हवाच होता. शेवटी वेल्क्रोचा रुंद पट्टा लावला आणि एका हिसक्यात तो स्वतः सोडून दाखवा म्हणून सरांनाच सांगितलं. लाइफ जॅकेट वेगळं.

खरी गोम होती चढण्या-उतरण्याची. पौर्णिमेचे दिवस, म्हणजे उधाण. पाणी पाच-सहा फूट वरखाली होणार. आमच्या धक्क्याला खाली एक रुंद टप्पा आहे. पूर्ण भरतीला तो बुडतो आणि ओहोटीला उघडा पडून पाण्यापासून पार वर राहतो. पण भरतीच्या दोन तास आधी पाणी जिथे असतं, साधारण तिथेच ते भरतीनंतर दोन तासांनी परत येतं. भरती अकराच्या सुमारास होती. म्हणून नऊला निघायचं आणि एकला परतायचं. नऊ वाजता टप्पा आणि फळ्या एका पातळीत आल्या, मधे प्लायवूडचा तुकडा टाकला आणि सर स्वतः चाकं ढकलत वर आले. कुणी हात लावला नाही. ताईंनीसुद्धा नाही, आणि ते त्यांना जड गेलं असणार.

कांदळवनाच्या कडेला नांगर टाकला. झाडांच्या मुळांपाशी जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, लावून गळ सोडले. दोन काळुंदरं लागली. मग एक शेंगटी आली आणि ती गळावरून सुटून थेट सरांच्या मांडीवर पडली. काका झडप घालून पुढे आले, कारण तिचा काटा विषारी. सर शांतपणे म्हणाले, "काटा घुसला तरी मला कळणार नाही. तुम्हीच नीट बघा." काकांनी पँट वर करून दोन्ही पाय तपासले. काही नव्हतं. त्यानंतर प्रत्येक माशामागे काका आधी सरांचे पाय बघायचे आणि मग मासा.

दहा वाजून गेले असतील. सर बोलायचे थांबले. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. थंडीचे दिवस, वर ताडपत्रीची सावली आणि सकाळी ताईंनीच सांगितलं होतं की ह्याला घाम फारसा येत नाही. "डोकं फुटतंय," ते म्हणाले. काकांनी इंजिनाच्या दोरीला हात घातला. "मास्तर, परत फिरवूया?"

पण धक्क्यावर काय होतं? टप्पा पाण्याखाली गेलेला. तिथे नेऊनही उचलावंच लागलं असतं. सरांनी हात वर केला. "फिरवू नका. ताई, आधी पिशवीची नळी बघ."

लघवीची नळी जॅकेटच्या खालच्या पट्ट्यात दाबली जाऊन दुमडली होती. ताईंनी पट्टा सैल केला, नळी सरळ केली, पिशवी भराभर भरली. सरांना आम्ही ताठ बसतं ठेवलं, शर्टाची बटणं सोडली. रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांच्याच बॅगेत होतं. आकडा बघून माझे हात गार पडले, पण थोड्याच वेळात तो उतरायला लागला आणि चेहऱ्यावरची लाली गेली. मग सरांनी वर्गात शिकवावं तसं समजावलं. इजा एवढ्या वर असली की खाली काहीही अडलं, बहुतेकदा मूत्राशयच, तरी मेंदूला नीट निरोप पोचत नाही आणि शरीर रक्तदाब वाढवत सुटतं. वेळेत कारण सापडलं नाही तर जिवावर बेततं. "आडवं करायचं नाही. लोक घाबरून पहिलं तेच करतात."

मी म्हटलं, आता परत जाऊ, भरती उतरेपर्यंत धक्क्याजवळ थांबू. सरांनी गळाकडे बोट दाखवलं. दोरी ताणलेली होती.

तांबोशी. मुळांत शिरायला बघत होती. पट्ट्याच्या आधारावर रेलून त्यांनी रीळ फिरवलं, काकांनी जाळी खाली धरली. किलोभरही नसेल, पण काका त्या दिवसापासून ती दोन किलोची असल्याचं सांगतात.

एकला टप्पा उघडा पडत होता. सर जसे चढले तसेच उतरले.

महिन्याभराने त्यांचा मेसेज आला. भरतीचं वेळापत्रक घेऊन त्यांनी हिशोब मांडला होता: पौर्णिमा-अमावास्या नको, अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस धरू, पाणी कमी चढतं-उतरतं, म्हणजे टप्पा आणि फळ्या जास्त वेळ जवळपास एका पातळीत राहतील. खाली दोन तारखा आणि एक ओळ: "माझा एक मित्रही येईल, त्याचीही खुर्ची आहे. सांगडीवर दोन मावतील का, काकांना विचारा."

काका फळ्या मोजायला गेलेत.