पहिला अल्बम: माग, ओवी आणि 75 बीपीएम

माझ्या पहिल्या अल्बमच्या आठांपैकी पाच गाण्यांचा सांगाडा उभा राहिला. त्यातल्या तिन्हींवर गायन झालंय, मिक्सिंग अजून बाकी आहे.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या गाण्याने घेतला आणि अख्ख्या अल्बमची चाल तिथेच ठरली. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला ओळखीच्यांच्या कारखान्यात चादरीचा माग रेकॉर्ड केला होता. धोट्याचा (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याचा) ठोका मिनिटाला साधारण 150 पडतो. निम्मा धरला की 75 बीपीएम (मिनिटाला 75 मात्रा), डाउनटेम्पोला, म्हणजे संथ इलेक्ट्रॉनिक संगीताला, हवा तोच वेग. एक मात्रा 800 मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग 200 चा, त्यामुळे डिलेचा, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टचा, हिशेबही सरळ बसतो. माग मात्र मेट्रोनोमसारखा काटेकोर नसतो. ठोके किंचित मागेपुढे होतात, आणि मला तेच हवं होतं. क्वांटाइझ न करता, म्हणजे ठोके काटेकोर जागी न बसवता, त्या ठोक्यांवरूनच ग्रूव्ह टेम्प्लेट (लयीचा साचा) काढलं, किक (खालच्या आवाजाचा ड्रम) त्यावर बसवली आणि स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) आणखी 20 मिलिसेकंद मागे, म्हणजे उशिरा, ओढला. हिप-हॉप निर्माता जे डिलाचे ड्रम ज्यांनी मन लावून ऐकलेत, त्यांना हा ओढलेपणा लगेच ओळखू येईल.

आता गायन. सोल संगीताच्या गळ्यामागे गॉस्पेल आहे, चर्चमधलं समूहगान आहे. आमच्या घरात जात्यावरची ओवी आहे. आत्या गाते, शब्द आम्ही दोघांनी नवे बांधले. ओवी साडेतीन चरणांची. चार बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) फिरत्या लूपमध्ये प्रत्येक बारला एक चरण दिला की शेवटी दोन मात्रा मोकळ्या राहतात, म्हणजे 1.6 सेकंद. तिथे मी काहीच भरलं नाही, फक्त सब-बास, म्हणजे अगदी खालचा बास, खालून सरकत येतो. माझ्या मते गाण्यातली सगळ्यात सुंदर जागा तीच आहे. मेट्रोनोमच्या क्लिकवर आत्याचा आवाज आखडायचा, म्हणून हेडफोनमध्ये मागाचा आवाज दिला. मागांच्या गल्लीत वाढलेली बाई ती, लय लगेच धरली.

ओवीची चाल चार-पाच सुरांतच फिरते, म्हणून हालचाल कॉर्डनी करायची. आत्याचा सा पांढरी सहा, म्हणजे ए. रोड्सवर (इलेक्ट्रिक पियानोवर) त्याखाली एफ मेजर सेव्हन्थ वाजवला की तो सूर कॉर्डमधला तिसरा होतो, डी मायनरला पाचवा, जी नाइन्थला नववा. आत्या जागची हलत नाही, खालची जमीन बदलते.

बासचा सूरही तोच, 55 हर्ट्झ. फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलका विकृतीचा इफेक्ट, दिल्यावर 110 आणि 165 वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) उठले, आणि फोनवरही बास जाणवायला लागला.

पाचवं गाणं मागांच्या गल्लीत ऐकू येणाऱ्या तेलुगू गुणगुणण्यावर आहे, ते नसतं तर अल्बम सोलापूरचा वाटला नसता. मिक्सिंगआधी एकच गोष्ट विचारायची आहे: 75 च्या वेगात स्नेअर 20 वरून 30 मिलिसेकंदांवर नेला तर तो लयीत रेंगाळतो की लयीतून पडतो? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी जरूर सांगा.