पाच पैशांचा फरक

आमच्या शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा मला सर्वप्रथम १९७२ सालचा कापणीचा सण, म्हणजे आलेल्या पिकातला वाटा देवाला वाहण्याचा ख्रिस्ती सण, आठवला. त्या वर्षी महाराष्ट्रात पुरेसा पाऊस पडला नाही. आमच्या वसतिगृहातील बरीच मुले सिन्नर-येवल्याकडची होती आणि त्यांचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. एरवी सणाच्या दिवशी वेदीपुढे बाजरीची कणसे, कांद्यांच्या पाट्या, भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या यांची दाटी होत असे. त्या वर्षी जे आले ते दोन सतरंज्यांवर मावले. उपासनेनंतर नेहमीप्रमाणे लिलाव झाला. आम्हांला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवणाऱ्या सरांनी दहावीत शिकणाऱ्या मला शेजारी बसवून घेतले आणि कोणी काय किती पैशांना घेतले, ते वहीत लिहायला सांगितले.

संध्याकाळी बेरीज केली, तेव्हा रोकड पाच पैशांनी कमी भरली. मी खिशातून पाच पैशांचे नाणे काढले आणि ते गल्ल्यात टाकू का, असे विचारले. सर म्हणाले, "त्याने रक्कम जुळेल, चूक तशीच राहील. पहिल्या ओळीपासून वाच." दिवे लागून बराच वेळ झाल्यावर ती ओळ सापडली. एका आजींनी लिंबे ३५ पैशांना घेतली होती आणि मी ४० लिहिले होते. सरांनी तो आकडा गिरवू दिला नाही. त्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी लाल शाईने ३५ लिहायला लावले आणि तिथे माझी सही घेतली. मग वही मिटताना ते म्हणाले, "तुला आकड्यांचे कृपादान आहे. ते देवाचे आहे, हे लक्षात ठेवून वापर."

मला ते खरे वाटेना. कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, म्हटले की आमच्यासमोर गोड गळा, पेटीवर फिरणारी बोटे किंवा उपदेश करणारी वाणी येत असे. मला यांतले काहीच नव्हते आणि त्याचे मनात दुःखही होते.

पुढच्याच आठवड्यात सरांनी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातला येशूचा दृष्टान्त शिकवायला घेतला. एका धन्याने परदेशी जाताना एका दासाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक तालांत दिला, ती गोष्ट आम्हांला पाठ होती. पण तालांत हे मुळात नाण्याचे नव्हे तर वजनाचे नाव आहे, एवढ्या चांदीचे सुमारे ६,००० दीनार होत आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी असे, हे सरांनी फळ्यावर मांडले. वर्षाला ३०० दिवस काम धरले, तर एक तालांत म्हणजे २० वर्षांची मजुरी. ज्यांच्या आया त्या दिवशीही खडी फोडत होत्या, त्या मुलांना ही रक्कम समजावून सांगावी लागली नाही. तोपर्यंत मी तिसऱ्या दासाला बिचारा समजत होतो, कारण त्याच्या वाट्याला सर्वांत कमी आले होते. त्या गणिताने ती समजूत मोडली. मग सरांनी २१ वे आणि २३ वे वचन लागोपाठ वाचायला लावले. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धन्याने अगदी त्याच शब्दांत शाबासकी दिली आहे. तिसऱ्याने पैसा उधळला नव्हता की चोरला नव्हता, नुसता जमिनीत पुरून ठेवला होता. मी भ्यालो, असे तो स्वतःच सांगतो.

सर नाशिकचाच एक दाखला देत. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली इथून जवळच जलालपूरला झाला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर. त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, १९१९ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. पुढचे सारे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले. एवढ्या मोठ्या कवीचे काम हाती घेताना मी कोण, असे म्हणून त्या मागे सरल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

हे सगळे ऐकूनही मी पुढे तेच केले, जे तिसऱ्या दासाने केले. बँकेत नोकरी लागली, बदलीच्या गावी मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, पाळकांनी दोनदा हिशोब पाहाल का म्हणून विचारले आणि दोन्ही वेळा मी वेळ नाही असे सांगितले. खरे कारण निराळे होते. पैशाच्या कामात बोल लागतो, आणि त्याची मला भीती वाटत होती. एका रविवारी उपासना सुटल्यावर एक विधवा बाई दाराशी थांबलेल्या दिसल्या. मदतनिधीतून मिळणारी त्यांची रक्कम दोन महिने थकली होती. निधीत पैसे होते. पण वही लिहिलेली नव्हती आणि वही पुरी झाल्याशिवाय मंडळीचा कारभार पाहणारे वडीलजन पैसे देऊ शकत नव्हते. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली नाही, फक्त "पुढच्या रविवारी येऊ का?" एवढे विचारले. त्या रात्री मी बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून वाचला. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतही रोजच्या अन्नाच्या वाटणीत विधवांकडे दुर्लक्ष होत होते, आणि त्या कामासाठी मंडळीने जी सात माणसे निवडली, ती पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत अशी अट होती. वाटणीचे काम बघायला पवित्र आत्मा हवा! मी माझे कृपादान जमिनीत पुरून ठेवले होते, त्याची झळ मला लागली नाही. ती त्या बाईंना लागली. सोमवारी मी वही मागून आणली.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मी मंडळीची खजिनदारी केली. या काळात कार्यकारिणीचे अध्यक्षपद घ्या, तरुणसंघ चालवा, असा आग्रह अनेकदा झाला आणि तो मी प्रार्थनापूर्वक नाकारला. जे दिलेले नाही ते आहे असे दाखवणे हासुद्धा धन्याच्या पैशाचा गैरवापर आहे, असे माझे मत आहे. शिवाय मी ती खुर्ची अडवून बसलो असतो, तर ज्या मुलीने तरुणसंघ उभा केला, तिला जागा मिळाली नसती.

निवृत्तीनंतर मी नाशिकला परतलो आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने येत्या जूनपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी नववी-दहावीच्या मुलामुलींना जमाखर्च लिहायला शिकवणार आहे. मुलांनी येताना एक रेघांची वही आणि लाल शाईचे पेन आणावे.